रॅमची एकच पट्टी आणि कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस?

नवा पीसी जोडताय आणि प्रोसेसर रायझन ५ ५६००जी ठरलाच असेल, तर रॅमची १६ जीबीची एक पट्टी आत्ता आणि दुसरी पुढे, हा बेत सोडा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स रॅमवर चालतं. एकाच पट्टीत बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) निम्मी होते आणि गेम अडखळतात. ८-८ जीबीच्या दोन घ्या, डीडीआर४ ३२००. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर रॅम बहुतेक वेळा २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, पण स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना बघा; प्रोसेसर आणि कार्ड त्यावरच चालतात. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकी सगळी शोभा! पुढे कार्ड टाकायचं असेल तर इथे पैसे वाचवू नका.

वाचवायचेच तर एसएसडीत. हा प्रोसेसर पीसीआयई ३.० पर्यंतच जातो (पीसीआयई म्हणजे एसएसडी जिच्यावर चालते ती जोडणी), त्यामुळे पुढच्या पिढीच्या, जेन ४ एसएसडीचा वेग मिळणारच नाही. आणि बिलावर ‘जी’ नीट तपासा: नुसत्या ५६०० ला ग्राफिक्सच नाही, स्क्रीन काळीच राहील.