‘निवड झाली’ की ‘निवडून आले’? आणि सरचिटणीस म्हणजे नेमकं कोण?

कुळागर (फोंडा):
मंडळी, एक शब्द दोन दिवस डोक्यात अडकलाय. ६ एप्रिल २०२५ ला मदुराईत माकपचं, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं, महाधिवेशन संपलं आणि एम. ए. बेबी नवे सरचिटणीस झाले, हे सगळ्यांनी वाचलंच असेल. आमच्या शेजारचे काका सकाळी पेपर घेऊन बाल्कांवावर येऊन बसतात, त्या दिवशी त्यांनी मला बातमीवर बोट ठेवून दाखवलं. मथळ्यात ‘बेबी यांची निवड’, आत ‘बेबी निवडून आले’ आणि फोटोखाली ‘बेबी यांची नियुक्ती’. काका म्हणाले, अरे निवडून आले तर हरवलं कोणाला ते कुठे लिहिलंय? मी गप्प. एकाच बातमीत तीन शब्द, तिघांचा अर्थ वेगळा, आणि वाचणाऱ्याला खरं काय घडलं ते एकातूनही कळत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

मांडवीकाठ (पणजी):
मी बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत म्हणून सांगतो, हे घाईत होतं. इंग्रजी कॉपीत ‘इलेक्टेड’ दिसलं की हात आपोआप ‘निवडून आले’ टाइप करतो. पण तिथली रीत बघा. महाधिवेशनाला आलेले प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात आणि ती नवी समिती मग पॉलिट ब्यूरो, म्हणजे आपल्यातलंच वरचं छोटं मंडळ, आणि सरचिटणीस ठरवते. यावेळी समिती ८५ जणांची, पॉलिट ब्यूरो १८ जणांचा. आता गंमत अशी की मतदान झालं, पण ते सरचिटणीसपदासाठी नाही. मावळत्या समितीने नावांची यादी मांडली, त्या यादीबाहेरून महाराष्ट्रातले डी. एल. कराड उभे राहिले, मतपेट्या आल्या, त्यांना ३१ मतं पडली आणि ते हरले. म्हणजे समितीचे सदस्य ‘निवडून आले’ हे शंभर टक्के बरोबर, आणि बेबींची ‘निवड झाली’ हे बरोबर. ‘नियुक्ती’ मात्र साफ चूक. नियुक्ती वरून खाली होते, साहेब करतो. इथे वर कोणी नव्हतंच.

कुळागर (फोंडा):
हे पटलं. पण ‘निवड’ हा शब्दच मला जरा तपासायचा आहे. आई रोज दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडते, बोटाने खडा बाजूला करते, काळा दाणा बाजूला करते, आणि सुपात राहतं ते घरात शिजतं. म्हणजे निवडण्यात नको ते काढून टाकणं आलं. आणि कोंकणीत निवडणुकीला आपण वेंचणूक म्हणतो, वेंचप म्हणजे हवं तेवढं उचलणे. आत्ता काजूचे दिवस आहेत, झाडाखाली वाकून बोंडं वेचताना खराब कोण बाजूला करत बसतो, चांगलं दिसलं ते टोपलीत टाकायचं. दोन भाषा एकाच कामाकडे दोन बाजूंनी बघतात असं मला वाटतं, आणि पक्षाने आपला नेता ठरवताना वेचणंच जास्त होतं. पण मराठीत ‘वेचून आले’ म्हणता येत नाही, तो भाग वेगळा.

वऱ्हाडी (नागपूर):
तुमच्या चर्चेत मधेच शिरतो. सरचिटणीस शब्दावर कोणी बोललं नाही अजून. चिटणीस म्हणजे चिठ्ठी लिहिणारा, तो ‘नीस’ फारसीतला नवीस, लिहिणारा. फडणीस, वाकनीस, सबनीस सगळे त्याच घरातले. आणि ‘सर’ म्हणजे डोकं, मुख्य, जसं सरनोबत, सरपंच, सरन्यायाधीश. तेव्हा सरचिटणीस म्हणजे मुख्य पत्रलेखक. आमच्या नागपूरचे ए. बी. बर्धन १९९६ ते २०१२ भाकपचे, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, सरचिटणीस होते, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की ते पक्षाची पत्रं लिहितात. हल्ली हिंदीच्या वाऱ्याने ‘महासचिव’ पसरलंय. चूक नाही, पण सरचिटणीस आपल्या दफ्तरातून आलेला शब्द आहे, तो असा सोडून देऊ नये.

दर्यावेळ (वास्को):
पण मग प्रश्न येतोच ना, पत्र लिहिणारा पक्षाचा प्रमुख कसा? आमच्या देवस्थानच्या कमिटीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार असतात, आणि सचिव म्हणजे प्रोसिडिंग लिहिणारा, नोटीस काढणारा माणूस. गावात कोणालाही विचारा, मोठा कोण, अध्यक्षच सांगतील. माझ्या वडिलांनी पण टीव्ही बघून हेच विचारलं, बेबी सरचिटणीस झाले ते कळलं, अध्यक्ष कोण झाला?

मांडवीकाठ (पणजी):
वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. माकपमध्ये अध्यक्षपद नाहीच, सरचिटणीस हेच सगळ्यात वरचं पद. याचं मूळ रशियात. १९२२ च्या एप्रिलमध्ये स्टालिन सरचिटणीस झाले तेव्हा ते पद कचेरी सांभाळायचं समजलं जायचं, कागद, नेमणुका, बैठका. पण ज्याच्या हातात कागद आणि नेमणुका त्याच्या हातात पक्ष, हे लवकरच कळलं आणि जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांत तेच पद मोठं झालं. आपल्याकडे एकदा दोन्ही पदं होती बरं का. १९६२ मध्ये भाकपने श्रीपाद अमृत डांगे यांना अध्यक्ष केलं आणि नंबूद्रिपाद यांना सरचिटणीस. दोन वर्षांत पक्षच फुटला, १९६४ मध्ये माकप वेगळा झाला आणि त्यांनी अध्यक्षपद ठेवलंच नाही.

आणि एक. आधीचे सरचिटणीस सीताराम येचुरी १२ सप्टेंबर २०२४ ला वारले, तेव्हापासून मदुराईपर्यंत प्रकाश कारात यांना ‘हंगामी सरचिटणीस’ लिहिलेलं मी ठिकठिकाणी वाचलं. पक्षाने त्यांना समन्वयक केलं होतं, पॉलिट ब्यूरो आणि केंद्रीय समितीचे समन्वयक. सरचिटणीसाला सहसा तीनच कार्यकाळ मिळतात आणि कारात यांचे २०१५ मध्येच संपले होते. म्हणून तो शब्द जपून वापरला होता, आणि आपण तो हंगामी करून टाकला.

शेवंतें (मडगाव):
मला ‘बेबी’ वरून सांगायचंय. आमच्या वाड्यावर बेबी म्हटलं की बाईमाणूसच, बेबीताय, बेबीमावशी. माझ्या सासूबाईंनी बातमी ऐकली आणि म्हणाल्या, बरं झालं, एक बाई वर गेली. केरळात बेबी हे पुरुषाचं नाव असतं हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या खट्टू झाल्या. मराठीत क्रियापदाला लिंग लागतं म्हणून पहिल्याच वाक्यात ‘बेबी म्हणाले’ असं यायला हवं, ‘बेबी यांनी सांगितले’ ने काहीच कळत नाही.

दुसरं, एका मथळ्यात ‘पक्षाचा कौल बेबींना’ होतं, तो शब्द मला खटकला. आपल्या देवळात कौल घेतात तेव्हा पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली तर काम कर, डावीची पडली तर थांब. कौल म्हणजे देवाचा शब्द, आणि दोन्ही वाटा उघड्या असतात म्हणूनच तो घ्यायचा. जिथे सरचिटणीसपदासाठी मतदानच झालं नाही तिथे कौल कसला? त्या ३१ मतांच्या वेळी म्हणा हवं तर कौल, तिथे पाकळी कुठेही पडू शकली असती.

कुळागर (फोंडा):
शेवंतें, कौलाचं हे मला सुचलंच नसतं, मनापासून आभार. काल संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं, समिती, मतदान, कराड, डांगे. महाधिवेशनाला मी इंग्रजीसारखं ‘माकपची काँग्रेस’ म्हटलं तिथे मात्र अडलं, काकांना वाटलं दोन पक्षांची युती झाली, तेव्हा महाधिवेशनच लिहावं हे माझं पक्कं झालं. मग थोडा वेळ पेपरची घडी घालत बसले आणि म्हणाले, ‘मागीर समितीन बेबीक सरचिटणीस केलो अशें बरय मरे.’ समितीने बेबींना सरचिटणीस केलं. कोणी केलं, कोणाला केलं, काय केलं, तिन्ही त्यात आलं. मी तरी यापुढे असंच लिहिणार.