आर्चर्समध्ये शेती उरली नाही म्हणता? मग ब्रुकफिल्डची वाटणी काय होती?

रानवाट (कोथरूड)

परवा पाभर यांनी या श्रोत्यांच्या गटात लिहिलं की ‘द आर्चर्स’ ही बीबीसी रेडिओवरची, ॲम्ब्रिज नावाच्या काल्पनिक इंग्लिश खेड्यातली मालिका 1951 साली शेतकऱ्याला चार गोष्टी शिकवायला सुरू झाली, आणि हेलन व तिचा छळ करणारा नवरा रॉब यांच्या प्रकरणापासून तिची सासू-सुनेची मालिका झाली. ‘गोठा गेला, स्वयंपाकघर उरलं,’ हे त्यांचं वाक्य. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जुन्नरकडची. लग्नानंतर दोन वर्षं लेस्टरला होते. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी सातच्या सुमारास भांडी घासताना रेडिओवर ती धून लागायची आणि पुढची बारा-तेरा मिनिटं मी ॲम्ब्रिजमध्ये असायचे. इंग्रजी अर्धंच कळायचं, पण कुणाचा बांध कुणाला खुपतोय ते बरोबर कळायचं. पुण्याला परतल्यावरही सोडलं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात, थंडीत साडेबारा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी पॉडकास्ट.

आता मुद्दा. 1951 साली ही मालिका नुसती शिकवणी होती आणि पुढे बिघडली, हे खरं नाही. 1948 साली बर्मिंगहॅमला बीबीसीने शेतकऱ्यांची बैठक घेतली, तेव्हा एका शेतकऱ्यानेच उठून सांगितलं होतं की आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. डिक बार्टन म्हणजे तेव्हाची रेडिओवरची थरारमालिका. बीबीसीच्या गॉडफ्री बेझलींनी ती सूचना उचलली आणि लिहायला माणसंही डिक बार्टनचीच घेतली. म्हणजे थरार पहिल्या दिवसापासून होता आणि तो शेतकऱ्यानेच मागितला होता. आर्चर घराण्याची नवी सून ग्रेस तबेल्याच्या आगीत गेली ती 22 सप्टेंबर 1955 ला. त्यात खताचा डोस कुठे होता? त्या रात्री दोन कोटी लोक ऐकत होते.

आणि रॉब ॲम्ब्रिजमध्ये आला कशासाठी? बेरो फार्मच्या मेगा डेअरीचा मॅनेजर म्हणून. हजारभर गाई कायम शेडमध्ये ठेवायच्या की कुरणावर चारायच्या, यावर आधी सगळं गाव भांडलं. 2015 च्या पुरात त्याने बेरो फार्म वाचवायला मोरी बंद केली, पाणी गावात शिरलं आणि त्याने ते लपवलं. बायकोची गाडी, कपडे, मैत्रिणी, दुकानातलं काम एकेक करून काढून घेणारा माणूस तो हाच. पाभर यांना मोरी शेतीत धरायची आहे आणि बायको स्वयंपाकघरात. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे.

पाभर (दौंड / पुणे)

ताई, सविस्तर लिहिलंत, आनंद आहे. पण माझं वाक्य अर्धंच घेतलंत. घरातली गोष्ट नको, असं मी म्हटलेलं नाही. प्रमाण सुटलं, असं म्हटलंय.

मी शेतीखात्यात 31 वर्षं काढली. एक नवा वाण शेतकऱ्याच्या गळी उतरवायला काय लागतं ते मला विचारा. त्यांच्याकडे 1972 पर्यंत कृषी मंत्रालय या मालिकेच्या पाठीशी होतं. मालिकेतल्या ब्रुकफिल्ड शेतावरचा फिल आर्चर जे पेरायचा त्याची दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा व्हायची. 2001 ला लाळ्या-खुरकूत आला तेव्हा ब्रुकफिल्डने फाटक लावून स्वतःला कोंडून घेतलं, आणि ऐकणाऱ्या शहरी माणसाला पहिल्यांदा कळलं की जनावर मारावं लागणं म्हणजे काय. तसा भाग आता महिन्यात किती वेळा येतो? हेलनचा चीजचा धंदा आहे, पण चीजपेक्षा हेलनचे अश्रू जास्त.

मुलगी बर्मिंगहॅमला आहे, तिच्यामुळे मला नाद लागला. आता ऐकतो ते निम्मं रागाने.

दुसरी पाळी (हिंजवडी)

पाभर काका, आदर ठेवून सांगतो, ‘अश्रू’ हा शब्द चुकला. आमच्या टीममध्ये एक इंग्लिश बाई होती. 3 एप्रिल 2016 चा भाग, हेलनने रॉबवर सुरी चालवली तो, लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कॉलवर आली आणि पहिली पाच मिनिटं कुणी कामाचं बोललंच नाही. त्यांच्याकडे जोडीदाराला असं मुठीत ठेवणं डिसेंबर 2015 पासूनच गुन्हा झालं होतं. म्हणजे कायदा नुकता आलेला आणि मालिका तो घराघरात समजावत होती. श्रोत्यांनी खऱ्या पीडित बायकांसाठी लाखाहून जास्त पौंड जमा केले. सप्टेंबरमध्ये ज्युरीची चर्चा तासभराच्या भागात आली, तेव्हा मी पाळी संपवून बसमध्ये ऐकत होतो आणि चांदणी चौक कधी मागे गेला कळलं नाही.

वाण गळी उतरवायला काय लागतं म्हणालात. हे गळी उतरवायला अडीच-तीन वर्षं लागली. तुमचंच काम त्यांनी केलं.

जुना श्रोता (सदाशिव पेठ)

या वादात पुणे कुणालाच आठवलं नाही, याचं वाईट वाटलं.

1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी पुणे केंद्रावरून शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं, आठवड्यातून दोनदा असे दहा आठवडे वीस कार्यक्रम. गावात गट बसायचा, ऐकायचा, मग चर्चा करायचा आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. पुढे देशभर ती योजना गेली. जगाला दाखवावं असं काम आपल्या केंद्राने केलं आणि आपण बोलतोय बर्मिंगहॅमच्या बैठकीबद्दल.

आमचं गाव खेड तालुक्यात. मी आठ वर्षांचा होतो. गट आमच्या ओसरीवर बसे. वडील कंदील पुसून ठेवत, रेडिओला हात लावायची आम्हा पोरांना बंदी. आई माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा कंपोस्टच्या खड्ड्यावर कार्यक्रम झाला. गट उठल्यावर ती वडिलांना म्हणाली, ‘खड्डा रानात खणा म्हणतात, पण शेणाची पाटी डोक्यावरून मीच नेते. खड्डा कुठं असावा ते मला कुणी विचारलं का?’ वडील काही बोलले नाहीत. खड्डा मात्र गोठ्यामागे झाला.

पाभर, मी खरं तर तुमच्या बाजूने लिहायला बसलो होतो. शेतीच्या कार्यक्रमात शेती हवीच. पण हे लिहिताना आई आठवली आणि आता मला तुमची बाजू तितकी सरळ वाटत नाही.

शिरूरची (सध्या धनकवडी)

रानवाटताईंनी शीर्षकात ब्रुकफिल्डची वाटणी लिहिली आणि मजकुरात तिच्यावर एक ओळ नाही. मी त्यासाठीच धागा उघडला होता.

फिलने शेत मुलाकडे, डेव्हिडकडे ठेवायचं ठरवलं तेव्हा मुलगी एलिझाबेथ भांडली. या गटात तेव्हापासून ‘हावरट एलिझाबेथ’ असं कितीदा वाचलं! तिच्या नवऱ्याचा लोअर लॉक्सलीचा वाडा आहे, मग तिला शेत कशाला, हा युक्तिवाद. हा युक्तिवाद मी माझ्या घरात ऐकलाय, शब्द न् शब्द. ‘तुझ्या सासरी बागायत आहे, तुला काय कमी?’

2013 साली मी हक्कसोड दिलं. भावाला पाइपलाइनसाठी कर्ज हवं होतं आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावं असली की अडतं म्हणाला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सकाळी साडेदहाला गेलो. माझा अंगठा मशीन घेईना. भांडी-धुण्याने रेषा झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, ताई पदराला पुसा. तीनदा पुसला. चौथ्यांदा लागला. भावाने बाहेर मिसळ खाऊ घातली आणि वहिनीने साडी दिली, आकाशी, काठाला मोरांची. मी ती अजून नेसलेली नाही.

त्यानंतर त्याच रानातली दीड एकर त्याने प्लॉटिंगला दिली. मला फोनसुद्धा नाही.

म्हणून मला एलिझाबेथ हावरट वाटत नाही. तिने तोंडावर मागितलं. मला ते जमलं नाही.

पाभर

शिरूरच्या ताई, तुमच्याबाबतीत वाईट झालं. पण शेतीचं गणितही बघा. आमच्याकडे सहा एकर आहे. चार भावंडांत वाटलं तर दीड-दीड एकर. दीड एकरात बैल परवडत नाही, ट्रॅक्टर वळवायला जागा नाही, विहीर सामाईक आणि वीजमोटारीची पाळी भांडणाची. ब्रुकफिल्डचे तुकडे केले असते तर दूधधंदा त्याच वर्षी बंद झाला असता. फिलने शेत वाचवलं. मुलीला दुसऱ्या मार्गाने देता येतं.

शिरूरची

दुसरा मार्ग म्हणजे साडी का?

आणि गणित फक्त बहिणीपाशी येऊनच का थांबतं? दोन भावांत तुकडे होतात तेव्हा कुणी म्हणत नाही की धाकट्याने सोडून द्यावं, त्याच्या बायकोच्या माहेरी बागायत आहे.

दुसरी पाळी

इथे कायदा सांगायलाच हवा, कारण मागच्या वेळी या गटात चुकीचं लिहिलं गेलं. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क 1994 सालीच दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र नोंदवलेलं हक्कसोड नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. ताई, कागद घेऊन एकदा वकिलाला भेटाच.

पाभर

हा धागा आर्चर्सचा आहे की वारसा कायद्याचा? माझ्यावर असं रोखून लिहिताय जणू ताईंचा अंगठा मीच लावून घेतला. माझ्या दोन बहिणी आहेत. दोघींनी आपखुशीने सह्या दिल्या. दर वर्षी दोघींच्या घरी गहू, हुरडा, आंबे मी स्वतः पोचवतो. दिवाळीला आधी त्यांच्याकडे जातो, मग आपल्या घरी फराळ. सगळे भाऊ एका मापाने मोजू नका.

रानवाट

पाभर, तुम्हाला एकच विचारते. आपखुशीने दिल्या हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहिणींनी, की तुम्हीच धरून चाललात?

पाभर

हे फार झालं. माझ्या घरात शिरायचं काम नाही.

जुना श्रोता

दोघेही थोडं थांबा. रानवाट, तो प्रश्न चारचौघांत विचारायचा नव्हता. पाभर, तुम्हीही ‘अश्रू’ म्हणून सुरुवात केलीत.

आणि एलिझाबेथचंच बोलायचं तर पुढचं विसरू नका. जानेवारी 2011 मध्ये डेव्हिडच्या आग्रहाने तिचा नवरा नायजेल लोअर लॉक्सलीच्या छपरावर नववर्षाचा फलक काढायला चढला आणि पडून गेला. ज्या भावाला शेत मिळालं त्याच्याच आग्रहापायी हिचा नवरा गेला. ती त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला त्या भागांइतकं रडू दुसऱ्या कशाचंच आलं नाही. मालिकेचा साठावा वाढदिवस म्हणून मुद्दाम एक माणूस मारला, हा राग माझ्या मनात अजून आहे, पण बहीण-भाऊ त्यांनी खरे लिहिले.

खडकीचा डोंगर (मुळशी)

मी फक्त वाचतो, पण एक राहिलं. रस्त्याचं प्रकरण कुणीच काढलं नाही. ब्रुकफिल्डमधून रूट बी जाणार म्हणून डेव्हिड आणि त्याची बायको रूथ शेत विकून उत्तरेकडे जायला निघाले होते आणि ऐनवेळी डेव्हिड फिरला. आमच्याकडे रिंगरोडची मोजणी आली तेव्हा मी ते भाग पुन्हा ऐकले. डेव्हिडला ‘नाही’ म्हणता आलं. आम्हाला नोटीस आली. खुंट रोवला तो बरोबर आजोबांनी लावलेल्या जांभळाच्या बुंध्याशी. मोबदल्याचे पैसे आले आणि त्याच आठवड्यात दोन आत्या पंधरा वर्षांनी घरी आल्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. शिरूरच्या ताईंचं वाचून आता कळत नाही कुणावर रागवायला हवं होतं.

शिरूरची

आत्या पंधरा वर्षं का आल्या नव्हत्या, तेही विचारा.

पाभर

रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहितो.

मोरीचा मुद्दा मान्य. रॉबचं ते मी विसरलो होतो. माणूस पाण्याशी जसा वागला तसाच घरात वागला, हे बरोबर आहे. हेलनचं प्रकरण शेतीबाहेरचं होतं हे माझं म्हणणं मागे घेतो. प्रमाण सुटलं, हे मात्र घेत नाही. महिन्यात एक तरी भाग असा हवा की ऐकून शेतकऱ्याने उठून आपला गोठा बघावा.

धाकट्या बहिणीला फोन केला. विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘दादा, आत्ता कशाला काढतोस?’ आणि आंबे कधी आणतोस ते विचारलं.

रविवारी आंबे घेऊन तिच्याकडे जातोय. सातबाऱ्याची नक्कलही बरोबर नेतोय.

शिरूरची

जाऊन आलात की लिहा.