नव्या गाडीचा पुढचा ब्रेक घाट उतरला की किंचाळतो – मदत हवी आहे

ऑगस्टमध्ये १६० सीसीची गाडी घेतली. पुढे डिस्क आणि एबीएस, मागे ड्रम. रनिंग ११४० किलोमीटर. रोज सातारा ते कास रस्ता, यवतेश्वर घाटाने. तिकडे एका हॉटेलात हिशेब बघतो.

पहिले तीन आठवडे गाडी मुकी होती. आता संध्याकाळी घाट उतरून समर्थ मंदिरापाशी वेग कमी केला की पुढून 'कुईंऽऽ' सुरू होतं, ते घरापर्यंत. पेठेतली कुत्री आधी भुंकायची, आता नुसती मान वर करून बघतात.

आवाज १०-१५ च्या वेगात, ब्रेक हलका धरला तरच येतो. जोरात दाबला की बंद. सकाळी निघताना एक-दोनदा खरखर होते, मग काही नाही. ब्रेक लागतो व्यवस्थित, लिव्हर थरथरत नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला म्हणाले, 'पॅड (ब्रेक दाबला की डिस्कला चिमटणाऱ्या पट्ट्या) डिस्कवर नीट बसायचेत अजून, हजार किलोमीटर होऊ द्या.' हजार झाल्यावर परत गेलो तर गाडी धुऊन हातात दिली. आवाज धुऊन जातो हे मला नवीन होतं.

मामा म्हणतोय, डिस्कवर दोन थेंब तेल सोड. त्याची हयात सायकलच्या दुकानात गेलीय, म्हणून उडवून लावता येत नाही. सोडू का?

प्रतिसाद १

मामांना नमस्कार सांगा आणि तेलाची बाटली त्यांच्याकडेच राहू द्या. पॅड तेल पिऊन घेतो. मग आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल. तेल प्यालेला पॅड फेकूनच द्यावा लागतो, आणि तुम्ही तर घाटातले. चेनला स्प्रे मारतानाही डिस्कवर उडू देऊ नका. वॉशिंगवाल्याने धुतल्यावर खालून डिझेल मारलंय का, तेवढं विचारा.

धागालेखक

विचारलं. इंजिनला काहीतरी चकाकीचं मारतात, चाकाला नाही म्हणाला. आणि आवाज त्या धुण्याच्या आधीपासूनचा आहे.

प्रतिसाद २

सकाळची खरखर सोडून द्या. रात्रीच्या दमट हवेने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. पावसाळ्यात साताऱ्यात प्रत्येकाच्या गाडीचं तेच.

संध्याकाळचं वेगळं आहे. घाट उतरता कसे, ते खरं सांगा. गिअरमध्ये की क्लच दाबून?

धागालेखक

खरं सांगायचं तर क्लच दाबून. कधी कधी न्यूट्रल. सप्टेंबरात फुलं बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग असते, पुढचा ताशी वीसने चालतो, मग दोन बोटं ब्रेकवर ठेवून पूर्ण घाट उतरतो. पेट्रोलही वाचतं.

प्रतिसाद २

पेट्रोल वाचलं, पॅड भाजले. अख्खा घाट हलका ब्रेक धरून ठेवला की पॅड डिस्कवर घासत तापत राहतो आणि त्याचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो. नव्या पॅडचं आणखी लवकर, कारण त्याचा पूर्ण चेहरा अजून डिस्कला टेकलेला नसतो. मग हलक्या दाबाला पॅड धड धरत नाही, धड सोडत नाही. त्या धर-सोडीने पॅड, डिस्क, कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) सगळंच कंप पावतं, तीच तुमची कुईं. जोरात दाबला की सगळं घट्ट बसतं, म्हणून गप्प.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच तिला धरून ठेवेल. ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. मागचाही वापरा.

प्रतिसाद ३

बरोबर. पण कॅलिपर अडकलाय का, ते आधी बघा. त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या तर ब्रेक सोडल्यावरही पॅड घासत राहतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर पुढचा ब्रेक न वापरता जा, थांबा आणि डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाका. चर्र झालं तर पॅड घासतोय. बोट लावून बघू नका, मी बघितलंय.

घरी खोलू नका. वॉरंटीतली गाडी आहे. 'ब्रेक आवाज' एवढंच नको, 'पॅड काढून तपासणे, पिना साफ करून ग्रीस' असं जॉबकार्डवर लिहून घ्या आणि समोर उभे राहा.

धागालेखक – अपडेट

पाणी टाकलं, चर्र नाही. शनिवारी समोर उभा राहिलो. पॅड निघाले ते अक्षरशः आरशासारखे. मेकॅनिकने पॉलिश पेपरवर घासून चकाकी काढली, कडा जरा उतरवल्या, पिनांना ग्रीस लावलं. पिना कोरड्या नव्हत्या. भुकटी तोंडाने फुंकायला निघाला होता, त्याला ओलं फडकं दिलं. चाक बसवल्यावर लिव्हर पाच-सहा वेळा दाबून घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू दिली नाही. कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन मागे सरकलेला असतो, पहिला ब्रेक रिकामा जातो म्हणे.

पॅड नीट बसावेत म्हणून रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून दहापर्यंत नीट दाबून आणायचं, सोडायचं, असं आठ-दहा वेळा केलं आणि गाडी थंड होऊ दिली.

आज चौथा दिवस. घाट दुसऱ्या गिअरमध्ये. काल एकदाच बारीक कुंई झाली, बोगद्याकडच्या वळणावर, पुढच्या गाडीने सेल्फीसाठी मध्येच ब्रेक मारला तेव्हा. मामाला मात्र अजून वाटतंय की तेलानेच जमलं असतं.