रीड टाइमआउट म्हणजे काम झालंच नाही, असं नव्हे

या चर्चेत कुणीतरी सुचवलंय की पायथनच्या रिक्वेस्ट्सभोवती (वेब सर्व्हरला विनंती पाठवणारी लायब्ररी) ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे एरर पकडणारा कोड, गुंडाळा आणि काहीही एरर आला की तीनदा रिट्राय मारा, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवा. गेटला (नुसती माहिती मागणारी विनंती) ठीक आहे, पण पोस्टला (सर्व्हरवर काही नोंदवणारी विनंती, उदाहरणार्थ ऑर्डर) हे अंगाशी येईल. रीड टाइमआउटचा अर्थ इतकाच की उत्तर वेळेत आलं नाही. सर्व्हरने तोवर पैसे कापूनही टाकले असतील, आणि आपण तीच ऑर्डर पुन्हा पाठवतोय! कनेक्शनच जुळलं नाही तर गोष्ट वेगळी, तिथे विनंती पोचलेलीच नसते. रिक्वेस्ट्स आतून जी लायब्ररी वापरते त्या युआरएललिब३ चा रिट्राय क्लास हा फरक आपणहून पाळतो: रीड एररनंतर पोस्ट पुन्हा पाठवत नाही. मग आपला तीनदा फिरणारा लूप कशाला?

आणि टाइमआउट द्याच. न दिल्यास रिक्वेस्ट्स खुशाल ताटकळत बसते. मात्र ५ लिहिलं म्हणजे एकूण ५ सेकंद नव्हेत. ती मर्यादा दोन वाचनांमधल्या शांततेला आहे. दर चार सेकंदांनी एकेक बाइट टाकणारा सर्व्हर तुम्हाला तासभर अडकवू शकतो. एकूण मर्यादा हवी तर ती वेगळी बांधावी लागते.

बाकी, एरर पकडून त्याजागी स्वतःचं एक्सेप्शन (एररचा संदेश) फेकताना 'फ्रॉम नन' (मूळ एरर दाखवू नको, अशी पायथनला सूचना) लिहून मूळ कारण तेवढं गिळू नका. रात्री लॉग वाचणारा शिव्या घालतो.