‘नवीन साइन-इन आढळले’ असा मेल आलाय, खरा की खोटा? सोसायटीचं सामायिक जीमेल

मुलुंडपूर्व_सोसायटी

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची ४८ सदनिकांची सोसायटी आहे. सोसायटीचं जीमेल खातं एकच. सेक्रेटरी, खजिनदार आणि ऑफिसचे मॅनेजर असे तिघं ते वापरतात, पासवर्डही एकच. त्यामुळे ‘नवीन डिव्हाइसवरून साइन-इन’ असे मेल अधूनमधून येतातच आणि आपल्यापैकीच कोणीतरी असेल म्हणून सोडून दिले जातात. परवाच्या मेलमध्ये ठिकाण हैदराबाद, डिव्हाइस विंडोज असं आहे. खाली ‘२४ तासांत तपासणी न केल्यास खातं बंद होईल’ असं लिहून निळं बटण दिलंय. लोगो, अक्षरं, रंग सगळं हुबेहूब गूगलसारखं.

या खात्यात भाडेकरूंचे लिव्ह अँड लायसन्स करार, आधार आणि पॅनच्या प्रती, लिफ्टवाल्यांची बिलं, बँकेची स्टेटमेंटं असं सगळं आहे. असा मेल खरा की बनावट हे कसं ओळखायचं? आणि तिघांपैकी कोणी ते बटण दाबलं असेल तर काय करायचं?

लॉगवाचक

मेल खरा की खोटा हे मेलकडे बघून ठरवायला जाऊ नका. तसं ठरवण्याची गरजच नाही. मेल बंद करा, ब्राउझरमध्ये मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करा आणि सिक्युरिटी हा भाग उघडा. तिथे ‘रिसेंट सिक्युरिटी ॲक्टिव्हिटी’मध्ये गेल्या २८ दिवसांतल्या सुरक्षेशी संबंधित घडामोडी दिसतात, आणि ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये सध्या कुठली उपकरणं आत आहेत ते कळतं. हैदराबादचं साइन-इन तिथे नसेल तर मेल बनावट. असेल तर मेल कोणाचाही असो, पुढची कारवाई त्याच पानावरून करायची, मेलमधल्या बटणावरून नाही. दोन्ही वेळा बटणाला हात लावायची वेळ येत नाही.

आणखी एक जागा बघा, ती फक्त कॉम्प्युटरवर दिसते. जीमेलच्या यादीत अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘डिटेल्स’ असतं. ते दाबलं की खातं शेवटच्या दहा वेळा कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक), कधी आणि ब्राउझरमधून की मोबाइलवरून वापरलं गेलं ते दिसतं. या वेळा तिघांनी एकत्र बसून जुळवा. कोणाच्याच हिशेबात न बसणारी नोंद असेल, तर तिचा छडा लागेपर्यंत खातं फुटलंय असंच धरून चाला.

‘हैदराबाद’ या शब्दावर मात्र फार भिस्त ठेवू नका. मोबाइल इंटरनेटचा आयपी पत्ता कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या यंत्रणेच्या नावावर नोंदलेला असू शकतो. त्यामुळे घाटकोपरहून मुलुंडला लोकलने येणाऱ्या माणसाचा फोनही नोंदीत वेगळ्याच शहरात दिसतो. उलट ठिकाण ‘मुंबई’ दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका, भाड्याच्या सर्व्हरवरून किंवा खरा आयपी पत्ता लपवणाऱ्या व्हीपीएन सेवेवरून कुठलंही शहर दाखवता येतं. वेळ आणि डिव्हाइसचा प्रकार हे जास्त भरवशाचं.

दादर_पश्चिम

वरचं बरोबरच आहे, पण पत्ता वाचायला सगळ्यांना यायलाच हवं, कारण पुढचा मेल गूगलच्या नावाने नसेल. तो वीजबिलाच्या, इन्कम टॅक्स रिफंडच्या किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाने असेल.

वेबपत्ता डावीकडून वाचायचा नाही. ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा झाल्यावर पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे वाचत या. रेघेच्या लगेच आधीचे दोन तुकडे, आणि शेवटी ‘सीओ डॉट इन’ किंवा ‘गव्ह डॉट इन’ असेल तर तीन तुकडे, हाच खरा मालक. उदाहरणार्थ ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम डॉट व्हेरिफाय-लॉगिन डॉट टॉप’ यात गूगलचं नाव आहे, पण मालक आहे ‘व्हेरिफाय-लॉगिन डॉट टॉप’. पुढचं सगळं त्याने स्वतःच्या पत्त्याआधी फुकट जोडलेलं असतं. त्या रेघेच्या आधी मध्येच ‘ॲट’चं चिन्ह असेल तर चिन्हाच्या डावीकडचं सगळं नुसती सजावट, ब्राउझर चिन्हाच्या उजवीकडच्या ठिकाणी जातो. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले की छोट्या पडद्यावर ‘एम’ वाटतो, तेही लक्षात ठेवा.

कॉम्प्युटरवर बटणावर माउस नुसता नेला, दाबला नाही, की खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर बटणावर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो, पण बोट जरा लवकर उचललं तर पानच उघडतं. म्हणून चालत्या गाडीत एका हाताने असे मेल तपासू नयेत, घरी किंवा ऑफिसात येऊन बघावेत.

बँकांबाबत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना त्यांच्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर (वेबपत्त्याचा मालक सांगणारा भाग) आणायला ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. हे डोमेन कोणालाही बाजारात विकत मिळत नाही, फक्त बँकांना मिळतं. पण इथेही तेच मागून वाचायचं: ‘बँक डॉट इन’ त्या एकट्या रेघेला चिकटून शेवटी हवं. ‘बँक डॉट इन-केवायसी डॉट कॉम’ असं असेल तर ती बँक नव्हे.

खिडकी_क्र_४

पत्त्याच्या बाबतीत सहमत. पण शुद्धलेखनाच्या चुका, भोंगळ लोगो, ‘डिअर कस्टमर’ या खुणा आता सोडून द्या. मजकूर आता व्यवस्थित येतो, मराठीतही. कुलपाचं चिन्ह तर अजिबात पुरावा नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं कोणी ऐकत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असतंच, ते प्रमाणपत्र फुकट मिळतं.

पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, म्हणून नावावर टिचकी मारून आतला पत्ता बघा. गूगलच्या साइन-इन सूचना ‘नो-रिप्लाय ॲट अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’वरून येतात. त्याहून खोल जायचं तर कॉम्प्युटरवर मेलच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन चाचण्यांपुढे (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे त्या तपासतात) ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. गूगलच्या नावाच्या मेलवर डीमार्क ‘फेल’ असेल तर विषय संपला. ‘पास’ असेल तर पुढे डोमेन कुठलं लिहिलंय ते वाचा; चोर स्वतःच्या डोमेनवरून पाठवतो तेव्हा त्याचंही ‘पास’च येतं.

आणि कधीकधी हे सगळं बरोबर असूनही मेल घातक असतो. एप्रिल २०२५ मध्ये उघड झालेल्या एका प्रकारात मेल गूगलनेच सही केलेला होता, पाठवणारा ‘नो-रिप्लाय ॲट गूगल डॉट कॉम’ होता आणि डीकेआयएम ‘पास’ होतं. चोरांनी गूगलकडून स्वतःला एक खरी सूचना मिळवली, तिच्यात आपला मजकूर घुसवला आणि तोच सही झालेला मेल पुढे पाठवला. लिंक होती ‘साइट्स डॉट गूगल डॉट कॉम’वर, जिथे कोणीही फुकट पान बनवू शकतो. म्हणून लॉगवाचक यांनी सांगितलेला रस्ताच पक्का, बाकीच्या खुणा दुय्यम.

मेलमध्ये क्यूआर कोड असेल, किंवा एचटीएमएल वा एसव्हीजी फाइल जोडलेली असेल, तर उघडू नका. क्यूआर देतात कारण तो फोनवर उघडतो, तिथे पत्ता नीट दिसत नाही. जोडलेली फाइल उघडली की लॉगिनचं पान तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडतं, वाचायला वेबपत्ताही उरत नाही. मेलमध्ये ‘मदतीसाठी फोन करा’ म्हणून नंबर असेल तर तो फोन स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावण्यासाठीच असतो.

मुलुंडपूर्व_सोसायटी

आभारी आहे. तिघांनी बसून बघितलं. खजिनदारांनी फोनवर बटण दाबून पासवर्ड टाकला होता, मग आलेला कोडही टाकला. त्यानंतर ‘तपासणी पूर्ण’ असं आलं म्हणून ते गप्प राहिले. शिवाय कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला, तो तिघांपैकी कोणी केलेला नाही. त्यात लिफ्टच्या कंपनीचं नाव आहे आणि ‘इनबॉक्स टाळा, वाचलेलं म्हणून नोंदवा’ असं आहे. आमच्याकडे तर टू-स्टेप (पासवर्डनंतर कोड) चालू होतं, मग आत कसे आले?

लॉगवाचक

टू-स्टेप असूनही आत येता येतं, कारण ते पान नुसतं चित्र नसतं. मागे चोराचा सर्व्हर खऱ्या गूगलशी बोलत असतो. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड तो त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतो, आणि लॉगिन झाल्यावर ब्राउझरला जी ओळखखूण मिळते, म्हणजे सेशन कुकी, ती स्वतःकडे ठेवतो. पुढे त्याला ना पासवर्ड लागतो ना कोड. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) मात्र अशा पानावर चालत नाही, कारण ती खऱ्या डोमेनशीच बांधलेली असते. पासवर्ड मॅनेजरही खोट्या पत्त्यावर पासवर्ड आपोआप भरत नाही. नेहमी आपोआप भरणारी चौकट रिकामी राहिली तर हाताने भरू नका, आधी पत्ता बघा.

आता क्रम महत्त्वाचा आहे. खजिनदारांचा फोन बाजूला ठेवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसा. काहीही पुसण्याआधी त्या फिल्टरचा, डिव्हाइसच्या यादीचा आणि ‘डिटेल्स’च्या खिडकीचा स्क्रीनशॉट घ्या. बनावट मेल ‘शो ओरिजिनल’मधून ‘डाउनलोड ओरिजिनल’ करून फाइल म्हणून ठेवा. नुसता फॉरवर्ड केला किंवा फोटो काढला तर मेल कुठून आला ती माहिती त्यात राहत नाही.

मग आधी पासवर्ड बदला. लगेच रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा, तिथे परका नंबर घुसवलेला असेल तर काढा. चोराने ते बदलून तुम्हाला बाहेर काढलं असतं, तरी जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड मागवायचा पर्याय गूगल सात दिवसांपर्यंत देऊ शकतं, म्हणून अशा वेळी उशीर करायचा नसतो. त्यानंतर ‘युअर डिव्हाइसेस’मधून प्रत्येक अनोळखी उपकरण साइन-आउट करा. टू-स्टेपच्या पानावर नवा फोन किंवा नवी पासकी जोडलेली नाही ना, हे पाहा. थर्ड पार्टी ॲप्सची, म्हणजे खात्याला जोडलेल्या बाहेरच्या ॲप्सची यादी आणि ॲप पासवर्ड (एखाद्या ॲपसाठी वेगळा बनवलेला पासवर्ड) तपासायला बरेच जण विसरतात; ज्या ॲपला खात्याची परवानगी दिलेली असते, ते पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतं.

शेवटी जीमेलच्या ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये तीन ठिकाणं बघा: फिल्टर्स, फॉरवर्डिंग, आणि ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये कोणाला प्रवेश दिलाय का ते. फिल्टर फोनच्या ॲपमध्ये दिसतच नाहीत, म्हणूनच चोर तिथे लपतो.

खातेवही

तो फिल्टर पाहून एक काम आजच्या आज करा. लिफ्टच्या कंपनीला फोन करा, मेल नको. नंबर जुन्या छापील बिलावरचा किंवा करारावरचा घ्या, मेलमधला नाही.

असा फिल्टर लावण्याचं कारण हे: चोर तुमची बिलांची जुनी देवाणघेवाण वाचतो, खऱ्या कंपनीची उत्तरं तुमच्या नजरेआड करतो, आणि बिल भरायच्या सुमाराला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल कंपनीच्या नावाने पाठवतो. रक्कम बरोबर, बिल क्रमांक बरोबर, फक्त खातं आणि आयएफएससी वेगळे. कमिटी मंजुरी देते, कारण बिल खरंच देणं असतं. ऑल मेलमध्ये त्या कंपनीचं नाव शोधा, ट्रॅशही बघा. चोराने तुमच्या खात्यातून सभासदांना मेन्टेनन्ससाठी नवा खाते क्रमांक कळवलाय का, हे सेन्टमध्ये पाहा. काहीही सापडो न सापडो, खाते क्रमांक बदललेला नाही अशी सूचना आजच फलकावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावा.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. बँकेचं नाव, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी रोखता आला तरच हाती लागतो, म्हणून तास मोजायचे, दिवस नाही. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार आणि बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम असा होता की गोपनीय माहिती ग्राहकानेच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून पोच घ्या.

पैसे गेले नसतील तरी तक्रार करा, भाडेकरूंची आधारची प्रत बाहेर गेलेली असू शकते. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमं इथे लागू होतात. ज्यांच्या प्रती खात्यात होत्या त्या मालकांना आणि भाडेकरूंना लेखी कळवा, त्यांना सावध राहता आलं पाहिजे.

मुलुंडपूर्व_सोसायटी

लिफ्टवाल्यांना फोन झाला, त्यांनी खातं बदललेलं नाही. पैसेही गेलेले नाहीत, बिल पुढच्या आठवड्यात होतं. १९३० आणि पोर्टलचं काम आज करतो. एकच विचारायचं राहिलं: तिघांना खातं वापरायचं तर पासवर्ड सामायिक न करता कसं करायचं?

खिडकी_क्र_४

जीमेलमध्ये याची सोय आहे. सोसायटीच्या खात्यातून कॉम्प्युटरवर ‘सी ऑल सेटिंग्ज’, त्यात ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’, तिथे ‘ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट’. खजिनदार आणि मॅनेजर यांचे स्वतःचे जीमेल पत्ते टाका. त्यांना मेल जाईल, तो आठवड्याच्या आत स्वीकारावा लागतो, आणि प्रवेश सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. साध्या खात्याला असे दहा जण जोडता येतात. ते मेल वाचू, पाठवू आणि पुसू शकतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत.

मूळ पासवर्ड सेक्रेटरींकडे, आणि त्याची एक प्रत टू-स्टेपच्या बॅकअप कोडसह पाकिटात सीलबंद करून ऑफिसच्या कपाटात. सेक्रेटरींच्या फोनवर पासकी लावा. जोडलेल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यालाही टू-स्टेप हवंच, नाहीतर चोर त्या दारातून येईल. आता मूळ खात्यात सेक्रेटरीच लॉगिन करणार, त्यामुळे त्यांनी स्वतः केलेलं नसताना नवीन साइन-इनची सूचना आली तर ती त्याच दिवशी मायअकाउंटच्या पानावर जाऊन तपासायची. कमिटी बदलेल तेव्हा जुन्या सदस्यांचे पत्ते काढणं, पासवर्ड, पासकी आणि रिकव्हरी नंबर बदलणं, हे कार्यभार सोपवण्याच्या यादीत चेकबुक आणि शिक्क्यांच्या खालीच लिहून ठेवा.