एचटीपी (फवारणीच्या) पंपाच्या इंजिनातून फक्त सकाळी निळा धूर येतोय. व्हॉल्व्ह सील की रिंग? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन पंचवीस दिवस झालेत, घड फुलोऱ्याकडं चाललेत. डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) भीतीनं एकही फवारणी चुकवता येत नाही, आणि नेमकं आत्ताच इंजिननं डोकं वर काढलंय.

इंजिन फोर स्ट्रोक पेट्रोलचं, साडेसहा एचपी, चार वर्षं वापरलेलं. सकाळी पहिली दोरी ओढली की निळसर धुराचा लोट निघतो. मिनिटभरात विरतो, मग चार तास चाललं तरी धुराचं नाव नाही. जेवायला अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केलं तरी काही नाही. रात्रभर उभं राहिलं की मात्र सकाळी तेच. चोकचा काळा धूर मी ओळखतो, हा तो नव्हे. सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला तर तेलकट बारीक ठिपके उमटले, वासही जळक्या ऑइलचा.

सोलापुरात एका मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी न उघडताच सांगितलं, "बोअर गेलाय, पिस्टन-रिंग टाका." मला ते पटेना. रिंग गेली असती तर लोडवरही धूर आला असता ना? गनचं प्रेशर तर पहिल्यासारखंच आहे. माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर) आहे. रात्री ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपत सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळतं, असं वाटतंय.

पण काल डिपस्टिक काढली आणि गोंधळ वाढला. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास. रात्री मी पेट्रोलचा कॉक कधी बंदच करत नव्हतो. कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसेल तर पेट्रोल थेंबथेंब क्रँककेसमध्ये (खाली ऑइल असतं त्या भागात) उतरतं, आणि वाढलेलं, पातळ झालेलं ऑइल ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) इनटेकला ओढलं जातं. शिवाय ट्रॉली बांधाच्या उतारावर उभी असायची, सिलिंडर खालच्या अंगाला. कालच ऑइल बदललं, कॉक बंद केला, ट्रॉली शेडमध्ये सपाट फरशीवर लावली. आज सकाळी धूर निम्म्यावर आला. गेला मात्र नाही.

आता विचारायचं ते असं. उरलेला धूर सायलेन्सरमध्ये साचलेल्या जुन्या ऑइलचा असू शकतो का, म्हणजे दोन-तीन दिवस वाट पाहू? कॉम्प्रेशन गेज लावण्यात अर्थ दिसत नाही, कारण दोरी हलकी जावी म्हणून या इंजिनांत चालू करताना थोडा दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर असतो आणि रीडिंग कमीच येतं. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं) करून देणारं एमआयडीसीकडं किंवा शहरात कुणी आहे का? आणि सीलच निघालं तर हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी भरून व्हॉल्व्ह वर धरून सील बदलता येतं म्हणतात. छोट्या इंजिनवर हे कुणी स्वतः केलंय का? दोन्ही व्हॉल्व्हना सील असतं की फक्त इनटेकला, तेही सांगा.

फवारणी परवा आहे. तोवर हेच इंजिन चालवलं तर नुकसान वाढेल का, एवढं आधी कळलं तरी फार मदत होईल.