बडोद्यात दिवाळीचे पदार्थ विकताय? गिऱ्हाईकाचे शब्द इथे लिहा

मांडवीकर
ग्रुपवर पुन्हा 'दिवाळी फराळ मिळेल' फिरायला लागलं, म्हणून धागा काढते. गुजराती घरात फराळी म्हणजे उपासाचं. मोरैयो, साबुदाणा, राजगरो. चकली-चिवडा त्यांच्याकडे 'नास्तो'. बोर्डावर गुजराती लिपीत 'दिवाळीनो नास्तो' लिहा. करंजीला घूघरा, शंकरपाळ्यांना शक्करपारा, चकलीला चकरी. अजून काय काय आहे ते टाका.

सुरसागर
शब्द डिक्शनरीतून नकोत. रावपुऱ्यात फरसाणाच्या दुकानापाशी संध्याकाळी अर्धा तास उभं राहायचं, लोक मागतात ते जसंच्या तसं टिपायचं. तेल कुठलं, शिंगतेल (शेंगदाण्याचं) की कपासिया (सरकीचं)? तीखुं के मोळुं? मोळुं म्हणजे तिखटमीठ बेताचं. हे पाकिटावरच लिहा, निम्मे फोन वाचतात.
तक्रारीचे दोन शब्द तर पाठच हवेत. 'हवाई गयुं' म्हणजे सादळलं. चिवडा पूर्ण गार व्हायच्या आत पाकीट बंद केलं की वाफ धरते. 'खोरुं' म्हणजे खवट, तिथे तेल बघायचं.

निझामपुरा ताई
खोरुंला अगदी! जुनं खोबरं, जुने दाणे यांनीही होतं.
हाथीखान्यात (घाऊक बाजारात) माल सांगताना: साखर म्हटलंत तर 'साकर' ऐकतात, ती खडीसाखर. आपली साखर म्हणजे खांड, पिठीसाखर दळेली खांड. डाळं म्हणजे दाळिया, पण यादी हिंदीत केलीत तर दलिया म्हणजे गव्हाचा भरडा. चिवड्याला 'नायलॉन पौंवा' असंच सांगा. नुसते पौंवा म्हटलं की जाडे येतात, ते भाजून कुरकुरीत होत नाहीत, तळावेच लागतात.

अलकापुरी
जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा तिन्ही बंद. ओलं आलंही नको, सुंठ चालते. स्वामिनारायणवाल्यांना बटाटा चालतो, पण कांदा-लसणाबरोबर हिंगही वर्ज्य. आपल्या फोडणीत हिंग असतोच, त्यामुळे 'कांदा-लसण वगर' एवढ्याने भागत नाही. हिंगाचं वेगळं लिहा. कुणाच्या नेमधर्माचा प्रश्न आहे.

रेसकोर्स काका
लेबलवर नुसती गुजराती किंवा मराठी चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत, गुजराती जोडीला.

तोंडलीभात
काका, हे बरं सांगितलंत, छपाईला टाकणारच होते.
विषयांतर करते, इकडची चकरी पुष्कळदा वाफवलेल्या गव्हाच्या पिठाची असते. भाजणीची असेल तर 'चोखा-दाळनी' (तांदूळ-डाळीची) लिहा, चव वेगळी लागली की शिळी समजतात. आणि मोहन किती घालता?

मांडवीकर
वाटीभर भाजणीला 1 टेबलस्पून कडकडीत तेल. जास्त झालं की कढईत विरघळते, कमी पडलं की दगड.

निझामपुरा ताई
पीठ गरम पाण्यात भिजवून झाकून ठेवता ना? नाहीतर सोऱ्यातून तुटते.

मांडवीकर
हो ताई, अर्धा तास तरी.

सुरसागर
श्रीखंड ठेवणाऱ्यांसाठी: कुणी 'मठो' मागितला तर ताक काढू नका. तो श्रीखंडाचाच प्रकार, गोड. फळं घातलेला असेल तर फळाचं नाव आधी लिहा.